स्टेलेरियम: तिथी तपासायला उत्तम, सण ठरवायला निरुपयोगी

स्टेलेरियम हे संगणकावरचं तारांगण बहुतेक जण तारे ओळखायला वापरतात. हे परीक्षण मात्र वेगळ्या कामासाठी आहे. तिथी, संक्रांत, अधिक मास, रमजानची चंद्रकोर, ईस्टर या धर्माने नेमलेल्या वेळा आकाशाशी ताडून पाहायला हे सॉफ्टवेअर कितपत चालतं? विज्ञान आणि धर्म एकत्र नांदू शकतात का, यावर व्याख्यानं भरपूर होतात. पंचांगात मात्र ते दोघे कित्येक शतकं एकाच पानावर राहत आले आहेत, आणि त्या पानावरची कुठली ओळ कोणाची हे स्टेलेरियम समोर ठेवलं की अर्ध्या तासात कळतं.

आधी वस्तूची ओळख. फाब्यां शेरो या फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली ते लिहायला घेतलं. ते मुक्तस्रोत आहे, फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, १.० ही आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. ग्रहांसाठी व्हीएसओपी-८७ आणि चंद्रासाठी ईएलपी ही गणितं आत बसवलेली आहेत. चंद्राच्या भोगात, म्हणजे क्रांतिवृत्तावरच्या त्याच्या जागेत, १ विकलेची (अंशाच्या ३६०० व्या भागाची) चूक झाली तर तिथीची वेळ सुमारे २ सेकंदांनी हलते, त्यामुळे आजकालच्या तारखांना मूळचं गणित पुरून उरतं. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या, ग्रहस्थितीच्या डीई फाइली वेगळ्या उतरवून जोडायची सोय आहे, पण या कामाला गरज नाही. फोनवरचं ॲप हे निराळं प्रकरण आहे. इथे सगळं संगणकावरच्या आवृत्तीबद्दल आहे.

तिथीपासून सुरुवात करू. एफ-६ दाबून स्थान निवडा आणि त्याच खिडकीत वेळेचा पट्टा भारतीय प्रमाणवेळेचाच आहे ना ते पाहा. एफ-५ मध्ये तारीख आणि वेळ घाला. एफ-३ ने सूर्य शोधा. डाव्या कोपऱ्यात माहितीची लांब यादी येते, त्यातली ‘इक्लिप्टिक लाँगिट्यूड (ऑन डेट)’ ही ओळ म्हणजे सूर्याचा सायन भोग, वसंतसंपातापासून (मार्चमध्ये दिवस-रात्र समान असताना सूर्य असतो त्या बिंदूपासून) मोजलेला. तसाच चंद्राचा घ्या. चंद्रातून सूर्य वजा करा, उत्तर ऋण आलं तर ३६० मिळवा, आणि १२ ने भागा. समजा सूर्य ८४ अंश १० कला (६० कलांचा १ अंश), चंद्र १३० अंश २२ कला. फरक ४६ अंश १२ कला, भागाकार ३.८५. तीन तिथ्या संपल्या, चौथी चालू: शुक्ल चतुर्थी. फरक १८० अंशांच्या पुढे गेला की कृष्ण पक्ष. ही चतुर्थी ४८ अंशांवर संपणार, म्हणजे अजून १ अंश ४८ कला शिल्लक. घड्याळ एक तास पुढे करून फरक पुन्हा काढला की त्या दिवसाची खरी गती मिळते (सरासरी तासाला अर्ध्या अंशाहून किंचित जास्त) आणि तिथी संपायची वेळ हाती येते. तेवढ्या वेळेवर घड्याळ नेऊन दोन-तीनदा पुढे-मागे केलं की मिनिटापर्यंतचं उत्तर मिळतं.

नवखा माणूस इथेच फसतो, आणि त्याला सॉफ्टवेअरची रचना जबाबदार आहे. स्टेलेरियम सुरुवातीपासून ‘टोपोसेंट्रिक’ असतं, म्हणजे तुम्ही जिथे उभे आहात तिथून दिसणारा चंद्र दाखवतं. पंचांगाची तिथी भूकेंद्री असते, पृथ्वीच्या मध्यातून मोजलेली. दोहोंतला फरक म्हणजे चंद्राचं लंबन. चंद्र क्षितिजाशी असताना ते जवळजवळ १ अंश भरतं आणि १ अंश म्हणजे तिथीचे सुमारे दोन तास. एफ-२ च्या खिडकीत ‘टोपोसेंट्रिक कोऑर्डिनेट्स’ असा एक चौकोन आहे, त्यातली खूण काढल्याशिवाय तिथीचा एकही आकडा खरा धरू नका. “पंचांगातली तिथी आकाशाशी जुळत नाही” अशी एखादी तक्रार कानावर आली, तर तक्रार करणाऱ्याने हा चौकोन पाहिला होता का, हे आधी विचारावं.

१ नोव्हेंबर २०२४ ची संध्याकाळ या कामाला झकास आहे. त्या दिवशी सूर्य-चंद्राची भूकेंद्री युती भारतीय वेळेने सव्वासहाच्या सुमारास होती, म्हणजे आश्विन अमावास्या तेव्हा संपली. स्थान मुंबई ठेवून ती वेळ लावा. खूण काढलेली असेल तर दोन्ही भोग जुळलेले दिसतील. खूण ठेवली की चंद्र मागे सरकतो आणि अमावास्या आणखी दीडेक तास चालू असल्यासारखी वाटते. पंचांगांतली छापील वेळ पहिल्या उत्तराशी मिळते. त्या वर्षी देशात लक्ष्मीपूजन कुठे ३१ ऑक्टोबरला झालं, कुठे १ नोव्हेंबरला. महाराष्ट्रातल्या पंचांगांनी १ तारीख दिली होती. भांडण बरंच गाजलं, ‘गणित चुकलं’ असंही म्हटलं गेलं. आकाशाशी जुळणारं गणित वापरणाऱ्या पंचांगांत मात्र वेळेबद्दल मतभेद नव्हता. अमावास्या ३१ ला दुपारी चारच्या आधी लागते आणि १ ला सव्वासहाला संपते, हे स्टेलेरियमही सांगतं. मुंबईत १ तारखेचा सूर्यास्त साधारण ६ वाजून ५ मिनिटांनी, म्हणजे प्रदोषाला (सूर्यास्तानंतरच्या पूजेच्या वेळेला) अमावास्येची जेमतेम दहा मिनिटं स्पर्श करत होती. पहिल्या दिवशी पूर्ण प्रदोष आणि दुसऱ्या दिवशी निसटता, तर पूजा कधी? या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही दुर्बिणीत नाही. ते धर्मशास्त्राच्या निर्णयग्रंथांत आहे आणि तिथे अर्थ लावण्यात पक्ष पडतात.

सॉफ्टवेअरचा उपयोग आणि मर्यादा एकाच ठिकाणी दिसतात त्या इथे. चतुर्थी किती वाजता लागली हे ते सांगेल. गणेश चतुर्थीला ती मध्याह्नी हवी, संकष्टीला चंद्रोदयी हवी, जन्माष्टमीची अष्टमी मध्यरात्रीची बघायची, हे त्याच्या गावीही नाही. संकष्टी तर मासलेवाईक आहे: तिथीसाठी टोपोसेंट्रिकची खूण काढायची आणि चंद्रोदयासाठी परत लावायची, कारण उगवणारा चंद्र आपल्याला आपल्या जागेवरून बघायचा असतो. एकाच व्रतासाठी दोन सेटिंग.

सूर्योदयाचीही अशीच गोम आहे. खगोलशास्त्राच्या व्याख्येत सूर्याची वरची कड क्षितिजावर आली की उदय. वातावरणातल्या वक्रीभवनाच्या ३४ कला आणि बिंबाच्या त्रिज्येच्या १६ कला धरल्या तर त्या क्षणी सूर्याचा मध्य क्षितिजाखाली ५० कला असतो. बिंबाचा मध्य आणि वक्रीभवनाविना असा सूर्योदय घेणारी पद्धतही आहे, आणि आपल्या अक्षांशांवर दोहोंत साडेतीन-चार मिनिटांचं अंतर पडतं. तिथी नेमकी त्या चार मिनिटांत संपत असेल तर उदयतिथी (सूर्योदयाला चालू असलेली तिथी) बदलते. स्टेलेरियममध्ये ‘ए’ दाबून वातावरण बंद केलं की वक्रीभवनही बंद होतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आकाश काळंभोर दिसावं म्हणून वातावरण घालवतात आणि सूर्योदय दोन-अडीच मिनिटं चुकवून बसतात.

या सॉफ्टवेअरवर एक जुना खटलाही निकाली काढता येतो. तिथी किती लांबते-आखडते याबद्दल परंपरेत ‘बाणवृद्धी रसक्षय’ हे सूत्र होतं: ६० घटींपेक्षा जास्तीत जास्त ५ घटी वाढ, ६ घटी घट. म्हणजे तिथी ५४ ते ६५ घटींची, २१ तास ३६ मिनिटं ते २६ तास. चंद्राच्या गतीतले सगळे चढउतार धरले तर ती सुमारे २० तासांपासून पावणेसत्तावीस तासांपर्यंत जाते. म्हणून दृक्‌पक्षाचं, म्हणजे प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारं गणित मानणाऱ्यांचं, सूत्र ‘सप्तवृद्धी दशक्षय’. वर्षभरातल्या तिथ्या एकापाठोपाठ मोजत गेलात तर साडेएकवीस तासांहून लहान तिथी लवकरच सापडेल. गणेश दैवज्ञांच्या १५२० सालच्या ‘ग्रहलाघवा’वरून पंचांगं करण्याचा प्रघात महाराष्ट्रात शतकानुशतकं होता. १९व्या शतकात गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्रे आणि त्यांच्यामागून इतरांनी प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारं गणित आणलं, तेव्हा ‘याने व्रतांचे दिवस मोडतील’ हा आक्षेप आला. छत्र्यांच्या बाजूला लोकमान्य टिळक होते, आणि ते काही धर्म सोडलेले गृहस्थ नव्हते. दृक्‌प्रत्यय, म्हणजे गणित डोळ्यांना दिसणाऱ्या आकाशाशी जुळणं, ही मागणी खुद्द सिद्धान्तग्रंथांच्या, म्हणजे जुन्या ज्योतिषगणिताच्या ग्रंथांच्या, परंपरेतली आहे. ती या वादात धर्माच्या आतूनच आली होती.

मग दृक्‌गणित मानणाऱ्यांतही फूट का? अयनांशामुळे, म्हणजे वसंतसंपातापासूनची सायन मोजणी आणि ताऱ्यांना धरून केलेली निरयन मोजणी यांच्या शून्यांतल्या अंतरामुळे. हे स्टेलेरियमवर पाहायला फार मजा येते. एफ-३ मध्ये ‘स्पायका’ लिहा. ही आपली चित्रा. तिचा आजचा भोग २०४ अंश १२ कलांच्या आसपास दिसेल. त्यातून १८० वजा करा: २४ अंश १२ कला. चित्रा बरोबर १८० अंशांवर मानायची या चैत्रपक्षाचा हा अयनांश, कलाभराच्या फरकाने तोच लाहिरी अयनांश. आता मीन राशीतला अंधुक ‘झीटा पिसियम’ शोधा. त्याचा भोग २० अंश आणि वर थोड्या कला. रेवतीचा योगतारा (नक्षत्राची खूण मानलेला तारा) म्हणून हाच आरंभबिंदू धरला की रैवतपक्षाचा अयनांश मिळतो, जवळजवळ ४ अंशांनी कमी. आकाश तेच, तारे तेच. शून्य कुठे धरायचं एवढाच प्रश्न, आणि तो निरीक्षणाने सुटत नाही.

चार अंशांनी काय बिघडतं? तिथीचं काहीच नाही, कारण वजाबाकीत अयनांश उडून जातो. नक्षत्र, योग आणि संक्रांती मात्र सरकतात, आणि संक्रांतींवर अधिक मास ठरतो: ज्या चांद्र महिन्यात संक्रांत नाही तो अधिक. शके १९४८ मधला अधिक ज्येष्ठ घ्या, १७ मे ते १५ जून २०२६. वैशाख अमावास्या १६ आणि १७ मेच्या दरम्यानच्या रात्री दीडच्या सुमारास संपते, पुढची १५ जूनला सकाळी साडेआठच्या आत. सूर्याची निरयन मिथुन संक्रांत चैत्रपक्षाने त्याच १५ जूनला दुपारी, साडेबारा ते एकच्या दरम्यान. अमावास्या संपल्यावर जेमतेम चार-साडेचार तासांनी! तेवढ्या वेळात सूर्य साधारण १० कला सरकतो. म्हणजे अयनांश फक्त पाव अंश कमी धरला तरी संक्रांत महिन्याच्या आत येते आणि हा महिना अधिक राहत नाही. रैवतपक्षाने ती ११ जूनच्या सुमारासच होऊन जाते. एका पंचांगात अधिक मास आणि दुसऱ्यात नाही असं का होतं, हे कोणाला समजावायचं असेल तर ही तीन वेळांची तालीम करून दाखवावी.

मकर संक्रांतही बघून घ्या. २१ किंवा २२ डिसेंबरला सूर्याचा सायन भोग २७० होतो आणि दिवस मोठा व्हायला लागतो, हे उत्तरायण. १४ जानेवारीला भोग २९४ च्या घरात असतो. २४ अंश वजा केले की २७०. अंतर सुमारे ७२ वर्षांना १ अंश या चालीने वाढत जाणार. १९५२ साली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीपुढे हाच पेच होता. मेघनाद साहा अध्यक्ष, निर्मलचंद्र लाहिरी सचिव. नागरी वापराचं राष्ट्रीय सौर पंचांग त्यांनी सायन ठेवलं (२२ मार्च १९५७ म्हणजे १ चैत्र शके १८७९) आणि सणांच्या गणनेसाठी २३ अंश १५ कलांचा अयनांश सुचवला. तडजोडच ती; वैज्ञानिकांना अर्धी आणि धर्मनिष्ठांना अर्धी खटकणारी.

इस्लामी महिन्याची कोर तपासताना वरचे नियम उलटे करायचे: टोपोसेंट्रिक चालू, वातावरण चालू, ‘जी’ ने जमीन चालू. इथे प्रश्नच ‘या जागेवरून दिसेल का’ असा आहे. सूर्यास्ताच्या क्षणी चंद्राची उंची, सूर्यापासूनचं कोनीय अंतर आणि चंद्रास्ताला किती मिनिटं आहेत, हे तीन आकडे टिपा. अंतर ७ अंशांच्या आत असेल तर कोर दिसणं जवळपास अशक्य, ही दाँजाँ मर्यादा. सौदी अरेबियाच्या उम्म अल-कुरा दिनदर्शिकेला मक्केत सूर्यास्ताआधी युती आणि सूर्यास्तानंतर चंद्रास्त एवढं पुरतं. २०१६ च्या इस्तंबूल परिषदेने ५ अंश उंची आणि ८ अंश अंतर घेतलं. आग्नेय आशियातल्या देशांचा निकष ३ अंश आणि ६.४ अंशांचा. कोणी डोळ्यांनी पाहिल्याची साक्षच मागतं. एकाच आकड्यांवरून ईद वेगवेगळ्या दिवशी येते ती अशी. सावध राहण्याची गोष्ट एकच: पडद्यावरची कोर नेहमी प्रत्यक्षाहून ठळक असते. झूम केल्यावर दिसली म्हणजे डोळ्यांना दिसेल, असा निष्कर्ष काढू नये.

ईस्टर म्हणजे वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढचा रविवार. त्यावर फार वेळ घालवायला नको, कारण चर्चने आकाश पाहणंच नियमात बंद केलं आहे. वसंतसंपात कायमचा २१ मार्च, पौर्णिमा १९ वर्षांच्या कोष्टकातली. २० मार्च २०१९ ची रात्र लावून पाहा: जागतिक वेळेने दहाच्या सुमारास संपात, पावणेचार तासांनी पौर्णिमा. आकाशाप्रमाणे ईस्टर २४ मार्चला यायला हवा होता, आला २१ एप्रिलला. कोणी तक्रार केल्याचं फारसं ऐकिवात नाही.

ग्रहणात सॉफ्टवेअर पूर्ण भरवशाचं आहे. एफ-१० मधल्या खगोलगणनेच्या खिडकीत ग्रहणांची यादी मिळते. स्पर्श, मध्य, मोक्ष स्थानासह तपासता येतात. तिथे छायाकल्प (चंद्र पृथ्वीच्या फक्त विरळ सावलीतून जातो अशी) चंद्रग्रहणंही असतात, जी पंचांगकर्ते पाळायला सांगत नाहीत. वेध सूर्यग्रहणाला चार प्रहर आणि चंद्रग्रहणाला तीन, हा पूर्णपणे धर्मशास्त्राचा भाग.

राशी बघताना एक गफलत टाळा. वस्तूवर टिचकी मारली की स्टेलेरियम तारकासमूहाचं नाव देतं. ते आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या ८८ समूहांपैकी असतं, त्यांच्या हद्दी १९३० साली आखलेल्या. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य तिथे चक्क भुजंगधारीत दिसतो. पंचांगातली रास ३० अंशांचा सरळ तुकडा आहे. ‘तेरावी रास सापडली’ छापाच्या बातम्या या घोटाळ्यातून निघतात.

सर्वात मोठा गैरवापर मात्र प्राचीन तारखांचा. कलियुगारंभ तपासायचा तर वर्षाच्या खणात -३१०१ घालावं लागतं, कारण स्टेलेरियम शून्य वर्ष मोजतं आणि इसवी सनपूर्व ३१०२ तिथे उणे ३१०१ होतं. १५ ऑक्टोबर १५८२ च्या आधीच्या तारखा आपोआप जुलियन धरल्या जातात, हेही लक्षात असू द्या. त्या वर्षीच्या १७-१८ फेब्रुवारीच्या मध्यरात्री सगळे ग्रह एकत्र असल्याचं सिद्धान्त सांगतात. पडद्यावर ते सुमारे ४० अंशांत विखुरलेले दिसतात. हा आरंभबिंदू मध्यम गतींवरून मागे मोजत काढला असावा, हे मत त्यामुळे पटतं. तरीही याच सॉफ्टवेअरवरून महाकाव्यांतल्या युद्धांच्या तारखा काढणाऱ्यांची कमतरता नाही, आणि त्यांच्या तारखा एकमेकींपासून हजारो वर्षं दूर आहेत. कारण साधं आहे. श्लोकातल्या कुठल्या ओळीला निरीक्षण मानायचं हे माणूस ठरवतो. मग ती स्थिती कधी ना कधी आकाशात येतेच. शिवाय इतक्या मागे पृथ्वीच्या फिरण्याची अनिश्चितता (डेल्टा-टी) तासांत जाते, त्यामुळे ‘अमुक गावी इतक्या वाजता ग्रहण’ असा दावा टिकत नाही.

त्रुटींपैकी मुख्य ही की तिथीची ओळ थेट मिळत नाही, वजाबाकी हातानेच. ‘कॅलेंडर्स’ नावाचं प्लगइन एफ-२ मधून चालू करून सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं तर बऱ्याच दिनदर्शिका दिसतात, हिंदू चांद्रही. तुलनेला ठीक, पण व्रताचा दिवस त्यावरून काढू नये. व्याप्तीचे, म्हणजे कुठली तिथी कुठल्या वेळेला हवी याचे, नियम त्यात नाहीत. निरयन भोगाची ओळ असती तर निम्मी मेहनत वाचली असती.

आणि एफ-२ च्या खिडकीत ‘सेव्ह सेटिंग्ज’ दाबायला विसरू नका. न दाबता बंद केलंत तर दुसऱ्या दिवशी टोपोसेंट्रिकची खूण परत आलेली असते, आणि कालपर्यंत पंचांगाशी मिनिटाला जुळणारी तिथी तासा-दीड तासाने चुकू लागते.